चौदा बिया पडवळाच्या

कुणी माझ्या तळहातावर बी ठेवली, की मी आधी बी बघत नाही, ठेवणाऱ्याचं तोंड बघते. एका बियाणे कंपनीच्या तपासणी खोलीत एकतीस वर्षं काढली आहेत मी. तिथे बी कधी खोटं बोलली नाही, खोटं बोलले ते तिला घेऊन येणारे. त्यामुळे नोकरी संपली तरी डोळ्यांतला संशय काही गेला नाही. दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, 'आजच तोडलीय' म्हणणारी भाजीवाली, सगळ्यांकडे मी तपासणीला आलेला नमुना म्हणूनच बघते. घरातले वैतागतात. वैतागू देत.

आमचं काम बाहेरच्यांना सांगितलं की ते हसतात. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी उघडून मोजायच्या. किती उगवल्या, किती कुजल्या, किती नुसत्याच फुगून बसल्या. उगवलेल्यांतही सुदृढ किती आणि लुळीपांगळी किती. आकडा वहीत लिहायचा आणि रोपं कचऱ्याच्या बादलीत टाकायची. हो, बादलीत. एवढ्या वर्षांत माझ्या हातून किती बिया उगवल्या त्याला गणती नाही, पण त्यातलं एकही रोप मी मातीत लावलेलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "असली कसली गं तुझी नोकरी? बारसं झालं की लगेच तेरावं!"

पण या नोकरीत मी नाव कमावलं, ते संशयाच्या जोरावर. एकदा एका व्यापाऱ्याकडून भेंडीचं बियाणं तपासायला आलं. शंभरातल्या शंभर बिया उगवल्या. साहेब खूश. मी म्हटलं, "साहेब, वर्गातली सगळीच्या सगळी पोरं पहिली आली, तर पोरं नाही, मास्तर तपासावा." साहेबांना ते पटलं नाही, पण मी हट्टाने गोदामात गेले, खालच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि तळातली मूठभर बी काढून आणली. त्यातली निम्मीसुद्धा उगवली नाही. नमुन्याचं पाकीट त्याने वेचून वेचून भरलं होतं. त्या दिवसापासून सगळे मला पाठीमागे 'शंकासुर' म्हणायला लागले. मला ते आवडायचं, आता कशाला लपवू?

तेव्हापासून एक नियम मी मनाशी घट्ट धरला. वाईट निकालाला घाबरायचं नाही. फार चांगला निकाल आला, तर मात्र आधी त्याची कॉलर धरायची.

निवृत्तीनंतर विरार पूर्वेला चंदनसारच्या आमच्या इमारतीत मी 'बियांच्या बाई' झाले. गच्चीवर कुंड्या ठेवणारे फ्लॅटवाले जुनी पाकिटं घेऊन येऊ लागले. एका शेजाऱ्यांनी मसाल्याच्या डब्यातले धणे आणले. चार वर्षांचे, आणि वर भाजलेले. "उगवतील का हो?" मी म्हटलं, "उगवले तर आमटीच येईल." अर्नाळ्याच्या एका मावशींनी मुळ्याचं बी आणलं. सुक्या बोंबलांच्या डब्याशेजारी, समुद्राच्या खाऱ्या हवेत सहा वर्षं ठेवलेलं. एकही उगवलं नाही. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझं बियानं चांगलं व्हतं, तुझ्या हातात गुन न्हाय." भांडून त्या गेल्या आणि आठ दिवसांनी सुरमई घेऊन आल्या. सुरमई ताजी होती. मी कल्ले उचलून बघितले होते.

जुनी बी उगववायची म्हणजे काय करायचं, ते इथेच सांगून टाकते. कोरडीठाक म्हातारी बी एकदम पाण्यात टाकली, तर ती ढसाढसा पाणी पिते आणि आतल्या आत फाटते. म्हणून आधी दोन दिवस तिला नुसती दमट हवा द्यायची. डब्याच्या तळाला पाणी, वर गाळणी, गाळणीत बी आणि झाकण घट्ट. मग पडवळ-कारल्यासारखं जाड कवच असेल तर कडेला नेलकटरने इवलासा टवका काढायचा. त्यानंतर ओलं फडकं, ऊब आणि वाट बघणं. नवी बी शाळा सुटल्यासारखी एकदम बाहेर पडते. जुनी बी कण्हत कण्हत, एकेक करून, पिवळी आणि मलूल निघते, आणि बऱ्याचदा निघतच नाही. बुरशी तिच्या आधी जागी होते.

आता सुजाताचं सांगते. नालासोपारा पश्चिमेला गास गाव आहे, तिथली ही शेतकऱ्याघरची सून. चाळिशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ. सकाळच्या बाजारात ती भाजी घेऊन बसते आणि मी तिच्याकडूनच भेंडी घेते, प्रत्येक भेंडीचं टोक मोडून. ती दर वेळी म्हणते, "काकू, एवढा डाऊट तर पोलीस पण नाय घेत." मी दर वेळी म्हणते, "म्हणूनच चोर सुटतात." आमचं असं छान चाललं होतं.

मागच्या थंडीत एक दिवस ती सासऱ्यांना घेऊन थेट माझ्या घरी आली. हिराजीकाका. ऐंशीच्या घरातले, डोक्याला मफलर, अंगात जाड स्वेटर, आणि स्वेटरच्या आत पोटाशी धरलेली एक काचेची बाटली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती, तोंड मेणाने बंद केलेलं. आत राख आणि राखेत बिया. काका सोफ्यावर टेकले, पण बाटली काही त्यांनी हातातून सोडली नाही.

"तू कंच्या कंपनीत व्हतीस?" पहिला प्रश्न हा.

मी सांगितलं. काकांनी सुनेकडे बघितलं. "ऊठ. घरी चल."

"बाबा, बसा ना," सुजाता म्हणाली. "एवढे आलो तर दाखवा तरी."

मग तिनेच सगळं सांगितलं. काकांच्या वाडीत पूर्वी आखूड, पांढरं, वीतभर लांबीचं पडवळ व्हायचं. घरचं बियाणं, आजे-पणज्यांपासूनचं. पुढे बाजारात लांब हिरव्या पडवळाला गिऱ्हाईक आलं आणि काकांनी कंपनीचं पाकीट आणलं. ते आमच्याच कंपनीचं होतं. बायकोला, जानकीबाईंना, ते म्हणाले, "ती जुनी बी फेकून दे, उगाच दोन जातींची मिसळ नको." जानकीबाई 'बरं' म्हणाल्या. सुजाता लग्न होऊन त्या घरात आली, त्याच्या आदल्या पावसाळ्यातली ही गोष्ट, म्हणजे तेवीस-चोवीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी जानकीबाई गेल्या. परवा फडताळ साफ करताना सगळ्यात मागे, कापडात गुंडाळलेली ही बाटली निघाली.

"तिनं माझं आयकलं न्हाय," काका म्हणाले. त्यांनी बाटली मांडीवर फिरवली. मग म्हणाले, "मी तिला हासायचो. म्हनायचो, तुला काय कळतंय बियान्यातलं? आता मला बघायचंय, बरोबर कोन व्हतं ते. एक येल उगवला तरी पुरे. एकच."

त्यांना ते पडवळ खायचं नव्हतं की विकायचं नव्हतं. बायकोने चोवीस वर्षं गपचूप सांभाळलेली वस्तू जिवंत आहे का, एवढंच त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं. माझ्यासारख्या बाईच्याही ते काळजाला लागलं.

बाटलीचं मेण फोडून आम्ही राख चाळली. चौदा बिया निघाल्या. काळपट, सुरकुतलेल्या, कडेला नक्षी असल्यासारख्या. काकांनी त्या तीन वेळा मोजल्या आणि मलाही मोजायला लावल्या. मी म्हटलं, "सगळ्या एकदम लावायच्या नाहीत. सात आधी, सात नंतर." काका म्हणाले, "सात माझ्याकडं ठेवतो. तुझ्याकडं सात. त्यातली एक जरी कमी झाली ना, तर बघ." त्यांना वाटत होतं, मी एखादी बी लपवून जुन्या कंपनीला नेऊन देणार. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

आता पुढचं लिहिताना हात जड होतो. त्याच आठवड्यात पुण्याला भाचीचं लग्न होतं. दोन दिवस दमट हवेत ठेवायचं, मग टवका, मग फडकं, एवढी उस्तवार करायला वेळ नव्हता आणि 'जाण्याआधी लावून टाकू' ही घाई मात्र होती. मी त्या सात बिया रात्रभर सरळ वाटीत भिजत घातल्या. सगळ्या जगाला जे करू नका म्हणून सांगते, तेच केलं. पुण्याहून परत येऊन डबा उघडला तर सातही बिया लिबलिबीत, वर करड्या बुरशीचे केस. वास आला. मी कपाळाला हात लावला, वहीत लिहिलं 'उगवण शून्य', आणि हाताच्या सवयीने फडक्यासकट सगळं ओल्या कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी काका आले. मी सांगितलं, "काका, सातही कुजल्या." त्यांनी हात पुढे केला. "दाखव."

"टाकल्या."

"कुठं?"

"कचऱ्यात. गाडी घेऊन गेली सकाळी."

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मेलेलं मानूस पन घरच्यांना दाखवतात बाय. तू माझी बी न दाखवता टाकलीस?" त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "टाकल्यास का ठेवल्यास, ते तुला म्हायती नि देवाला."

भिजवण्याची चूक मी त्यांना तेव्हा सांगितली नाही. म्हटलं, "चोवीस वर्षांची बी होती, कुजायचीच." चोर समजत होते मला, त्यात अडाणीही ठरायचं नव्हतं. माणसाचा गर्व असा कुठे आडवा येईल ते सांगता येत नाही.

उरलेल्या सात बियांचं काका नावही काढू देईनात. सुजातानेच मार्ग काढला. "काकू, तुम्ही आमच्याकडे या. बाबांच्या समोर करा. बी घराबाहेर जाणार नाय, म्हणजे कोणाला डाऊट पण नाय."

म्हणून मी गासला गेले. या खेपेला मात्र सगळं रीतसर केलं. दोन दिवस दमट हवा दिली. मग काकांच्या डोळ्यांसमोर पर्समधून माझं जुनं नेलकटर काढलं आणि सातही बियांच्या कडेला टवका काढला. काका इतके जवळ वाकले होते की त्यांचा श्वास माझ्या हातावर लागत होता. ओल्या फडक्यात बिया ठेवल्या, फडकं डब्यात, आणि डबा ओटीवरच्या कोनाड्यात. मी जाताना सुजाताला बजावलं, "कुणीही, अगदी कुणीही हात लावायचा नाही. उघडायचा तो मीच."

एक दिवसाआड मी रिक्षाने जायचे. काका डब्यासमोर खाट टाकून बसलेले असायचे. मी डबा उघडायचे, दोघं मिळून मोजायचो, सात. पुन्हा बंद. पाचव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी काही नाही. एक गोष्ट मला खटकत होती, ती म्हणजे बियांवर बुरशी नव्हती. एवढ्या जुन्या बियांवर बुरशी नाही म्हणजे काय? मी मनात नोंद करून ठेवली. नवव्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर फळीवर पडवळाच्या बियांचं अर्धं उघडलेलं पाकीट दिसलं. भाजी लावणाऱ्यांच्या घरात बियांचं पाकीट नसेल तर काय असेल? पण मी त्याचीही नोंद केली.

अकराव्या दिवशी सकाळीच सुजाताचा फोन आला. "काकू, या लवकर! आलंय!"

पोचले तर ओटीवर आठ-दहा माणसं. शेजारपाजारचे, समोरच्या वाडीतले, एक म्हातारी तर काठी टेकत आलेली. काका उभे होते. इतक्या दिवसांत त्या डब्यासमोर मी त्यांना उभं बघितलंच नव्हतं. डबा उघडला. सहा बिया तशाच मिटलेल्या, आणि सातवीतून पांढरं शुभ्र, जाड मूळ बाहेर आलेलं, बोटाच्या दोन पेरांएवढं. वर कवच उचलून धरणारी बीतली पहिली पानं हिरवी व्हायला लागलेली. टवटवीत. एक डाग नाही.

खरं तर आनंदाने ओरडावं असा तो क्षण होता. माझ्या मनात मात्र भेंडीचं ते पाकीट आलं, शंभरातल्या शंभरवालं.

परवापर्यंत ढिम्म असलेली चोवीस वर्षांची बी दोन दिवसांत इतकी उसळते? कण्हत नाही, पिवळी पडत नाही? बुरशी कशी नाही? आणि फळीवरचं पाकीट? मी डबा उघडायच्या आधीच सुजाताला कळलं तरी कसं? सगळे पुरावे माझ्या डोक्यात झरझर एका ओळीत उभे राहिले. सासऱ्याचा जीव टांगणीला लागलेला बघून सुनेने एक जुनी बी काढली आणि एक नवी घातली. मोजून सातच्या सात. वाईट हेतूने नव्हे, पण घातली. मला इतकी खात्री वाटली, की त्या खात्रीचं मला बरं वाटलं.

"ही बी बाटलीतली नाही," मी म्हटलं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

काका माझ्याकडे आणि मग सुनेकडे वळले. "सुजाता, डब्याला हात लावलास?"

तिने मान खाली घातली. "लावला बाबा. पण मी—"

"झालं," मी म्हटलं. "जुनं बी असं उगवत नाही काका. एकतीस वर्षं हेच बघितलंय मी. बाजारातल्या पाकिटातली आहे ही."

"काकू, असं काय बोलता? मी कशाला—"

पण तिचं कुणी ऐकलंच नाही. महिनाभर ज्या माणसाने माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, त्याने नेमका याच वेळी ठेवला. काकांनी दोन बोटांनी ते रोप फडक्यावरून उचललं. कवच गळून फडक्यातच पडलं. "मला फसवायला निघालीस?" ते सुनेला म्हणाले, "तिच्या नावानं?" आणि त्यांनी ते रोप अंगणात भिरकावलं. तिथे कोंबड्या चरत होत्या. पहिल्या कोंबडीने चोच मारली, तिच्या तोंडातून दुसरीने ओढून घेतलं, आणि संपलं.

सुजाता आत निघून गेली. माणसं कुजबुजत पांगली. मी फडक्यातलं ते रिकामं कवच आणि उरलेल्या सहा बिया कागदात बांधल्या, काकांनी या वेळी अडवलं नाही. मागच्या खेपेला मेलेल्या बिया दाखवल्या नाहीत म्हणून एवढं ऐकून घेतलं होतं. या वेळी पुरावा हातचा सोडायचा नाही असं ठरवलं होतं. रिक्षात बसले तेव्हा मनातून मी प्रसन्न होते. शंकासुराची नजर अजून शाबूत आहे, असं काहीतरी वाटत होतं.

दुपारी जेवण झाल्यावर भिंग घेऊन खिडकीशी बसले. सहा बिया आणि एक कवच, ओळीत मांडलं. माझ्या नेलकटरचं पातं एका कोपऱ्यात तुटलेलं आहे. त्याने कापलं की काप सरळ येत नाही, मध्ये एक बारीक पायरी येते. सहाही बियांच्या टवक्याला ती पायरी होती. कवच भिंगाखाली धरलं. त्याच्या कडेला टवका होता, आणि त्यात तीच पायरी.

मी भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. कवचाच्या सुरकुत्यांत, खोल जागी, राखेची बारीक रेघ अजून होती.

बी बाटलीतलीच होती. जानकीबाईंची होती. चोवीस वर्षं जगून ती उगवली होती, आणि मी ती कोंबडीला खाऊ घातली होती.

इथे कुणालाही वाटेल, की बाई लगेच उठून रिक्षा पकडून गासला गेली असेल. नाही गेली. मी ती पुडी कपाटात ठेवली आणि स्वतःला समजावलं, की आता सांगून काय उपयोग, बी तर गेलीच. सुजाताच्या बाजारात जायचं टाळलं. भेंडी दुसरीकडून आणायला लागले, आणि ती मोडूनही बघत नव्हते. असे तीन आठवडे गेले.

मग एक दिवस धीर करून त्या बाजारात गेले. सुजाताची जागा रिकामी होती. शेजारची मिरचीवाली म्हणाली, "ती नाय बसत हल्ली. सासरा तिच्या हातचं जेवत नाय, धाकट्या सुनेकडून डबा येतो त्याला. गावात सगळे बोलतात, मेलेल्या सासूच्या नावानं फसवलंन म्हणून. बसेल कशी?" तिला माहीत नव्हतं, की हे सगळं जिने सुरू केलं तीच बाई समोर मिरच्या निवडत उभी आहे. मला इतकी लाज वाटली की पिशवी तिथेच राहिली.

घरून पुडी आणि भिंग घेतलं आणि तशीच गासला गेले. काका ओटीवर खाटेवर होते, सुजाता दारात तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठली. मी म्हटलं, "थांब. तुझ्यासमोरच सांगायचंय." पुडी सोडली, भिंग काढलं, काकांच्या हातात दिलं. टवका दाखवला, पायरी दाखवली, पर्समधलं नेलकटर दाखवलं. राखेची रेघ दाखवली. आणि हेही सांगितलं, की पहिल्या सात बिया म्हाताऱ्या होत्या म्हणून नाही कुजल्या, मी घाई केली म्हणून कुजल्या.

काका भिंगातून बघतच राहिले. त्यांना त्यातलं किती दिसलं देव जाणे.

"म्हंजे उगवली व्हती," ते म्हणाले.

"हो काका."

"तिचीच व्हती?"

"तिचीच."

"जिती व्हती," ते म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पुसलंही नाही त्यांनी. "चोवीस वरसं जिती व्हती. नि मी, ह्या हातानं..." मग त्यांनी सुनेकडे बघितलं. "तू तेव्हा काय सांगत व्हतीस?"

सुजाता खांबाला टेकून उभी होती. "हेच, की कोनाडा गार पडतो थंडीत. पडवळ गारव्यात कसं उगवेल? आई नेहमी न्हाणीच्या चुलीजवळ ठेवायच्या बी, ओल्या पोतेऱ्यात. मी डबा रोज रात्री, बाबा झोपले की चुलीशी ठेवायची, आणि पहाटे ते उठायच्या आत परत वर. बुरशी आली की कापसानं पुसून काढायची. एकेक बी." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हात लावू नको म्हणालेलात, म्हणून बोलले नाय."

ऊब. एकतीस वर्षं आमच्या कपाटात जी ऊब बटण दाबून मिळायची, ती गासच्या थंडीत कोनाड्यात कुठून येणार, हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. बी उगवली ती माझ्या विद्येने नाही, जानकीबाईंच्या पद्धतीने आणि सुजाताच्या हाताने.

काका उठले. सुनेपाशी गेले. म्हणाले, "भूक लागली. वाढ मला." ती आत जाऊन ताट घेऊन आली. ते तिथेच ओटीवर, तिच्या समोर जेवले.

मी निघताना सुजाता फाटकापर्यंत आली. मी म्हटलं, "चुकलं माझं. तुझी माफी मागते."

"माफी ठीक आहे काकू," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला नव्हता, आणि व्हायला हवा अशी माझी अपेक्षाही नव्हती. "पण तुम्ही बोललात ते दहा जणांच्या समोर, आणि माफी मागताय फाटकात. ते दहा जण आता घरोघर जाऊन खरं थोडंच सांगणार? तुमचं लिहिलेलं दिवाळी अंकात येतं ना? गावच्या वाचनालयात असतो तो, सगळे वाचतात. त्यात लिहून द्या. नेहमीसारखं गमतीत नको. तुमच्या कंपनीत लिहायचात तसं. म्हणजे कोणी डाऊट घेणार नाय."

संपादकांनी यंदा 'नोकरीतल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. त्या वर येऊन गेल्या. यापुढचं सुजातासाठी आहे.

नमुना: आखूड पांढरं पडवळ. ठिकाण गास, जानकीबाईंच्या बाटलीतलं. वय तेवीस-चोवीस वर्षं.

एकूण बिया चौदा. पैकी सात तपासणारीच्या घाईने कुजल्या. उरलेल्या सातांपैकी उगवली एक. ती सुजाताने उगववली. बाकीच्या सहा तपासणारीच्या कपाटात वाळून गेल्या.

रोप सुदृढ होतं. बी अस्सल होती, अदलाबदल झालेली नव्हती.

निकाल देणारी चुकली.